'नेट हाय, पण ऑफिस लागत न्हाय': लिनक्स राउटरवरचं व्हीपीएन सारखं बंद पडतं तेव्हा

"सर, नेट हाय. यूट्यूब चालतंय. पण ऑफिस लागत न्हाय."

कोल्हापूरकडचं उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठूनही येवो, फोनवरचं वाक्य हेच असतं. बहुतेक वेळा बोलणारा अकाउंटंट असतो. तो घरून टॅली उघडायला बसलेला असतो आणि मालक शेजारून ओरडत असतो. माझ्याकडची मांडणी सगळीकडे जवळजवळ सारखीच आहे. राउटर म्हणून दोन लॅन पोर्टचा छोटा पीसी, त्यावर डेबियन लिनक्स, फायरवॉलला (कुणाला आत सोडायचं ते ठरवायला) एनएफटेबल्स, आतल्या यंत्रांना पत्ते वाटायला डीएनएसमास्क आणि बाहेरून आत यायला वायरगार्ड, म्हणजे घर आणि ऑफिस यांच्यात बंद खासगी वाट काढणारं व्हीपीएन. शाखा किंवा गोडाऊन असेल तर तिथं रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढं नुसतं 'पाय' म्हणतो). वायरगार्ड २०२० साली ५.६ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्येच आलं, त्यामुळे वेगळं काही बसवायचा व्याप नाही.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर चालतं. काल संध्याकाळपर्यंत व्हीपीएन चालत असेल तर कॉन्फ फाईल (व्हीपीएनच्या चाव्या आणि पत्ते लिहिलेली) बरोबर आहे. ती रात्रीत स्वतःहून बदलत नाही. बदलतं ते तिच्या भोवतीचं: लाइट, घड्याळ, बाहेरचा आयपी, कुणीतरी हलवलेली वायर. तरीही लोक पहिला हात फाईललाच घालतात. मग मूळ बिघाड एक आणि त्यांनी घातलेले तीन, असे चार शोधत बसावं लागतं.

लक्षणं

आधी तुमचं दुखणं यातलं कुठलं ते ठरवा.

- टनेल (व्हीपीएनची बंद वाट) 'ॲक्टिव्ह' दिसतं, पण काहीच उघडत नाही आणि आलेल्या डेटाचा आकडा शून्यावरच बसलेला असतो. वायरगार्डच्या ॲपमधला हिरवा खटका फक्त तुमच्या बाजूनं चालू केलंय एवढंच सांगतो. पलीकडून कुणी 'ओ' दिलीय का, हे त्यावरून कळत नाही.
- राउटरला पिंग (पोहोचतंय का ते बघणारी छोटी हाक) जातो, पण आतल्या सर्व्हरला जात नाही.
- पिंग सगळीकडे जातो, पण रिमोट डेस्कटॉप काळा पडतो, मोठी फाईल मध्येच अडकते.
- एकटा असला की चालतं, दुसरा कुणी लागला की पहिल्याचं तुटतं.
- नेहमीचं एक ठिकाण सोडून बाकी सगळीकडून चालतं.
- लाइट जाऊन आली की बंद पडतं आणि तासाभरात आपोआप सुरू होतं. यानं मला सगळ्यात जास्त छळलंय, त्यामुळे त्यावर खाली जरा सविस्तर लिहिलंय.

फुकटची तपासणी

मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघा. घरचं वायफाय बंद करायचं, लॅपटॉप हॉटस्पॉटवर घ्यायचा, टनेल बंद-चालू करायचं. लागलं तर ऑफिसचा राउटर निर्दोष सुटला, दोष घरच्या नेटमध्ये आहे. दोन मिनिटांत अर्धं घर झाडून होतं. दुसऱ्या सहकाऱ्याला फोन करून त्याचं लागतंय का तेही विचारा. सगळ्यांचंच बंद असेल तर ऑफिसकडे बघायचं, एकाचंच असेल तर त्या एकाकडे.

राउटर रिस्टार्ट करायची घाई करू नका. रिस्टार्टनं बऱ्याचदा चालू होतं हे खरंच, पण का बंद पडलं होतं याचा पुरावाही त्याबरोबर जातो आणि पुढच्या आठवड्यात तोच फोन परत येतो. राउटरवर शिरता येत असेल तर आधी 'डब्ल्यूजी शो' (वायरगार्डची हालत) आणि 'डेट' (मशीनची वेळ) या दोन कमांड मारून स्क्रीनचा फोटो काढा. मग हवं तर रिस्टार्ट करा.

वायर, ॲडॉप्टर, धूळ

फायबरच्या डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा लाल असेल तर पुढचं काही वाचू नका. बाहेरची फायबर तुटली किंवा वाकली आहे. नेट देणाऱ्याला फोन करा. पिवळी वायर काढून पुसून परत खोचायचा प्रयोग तर करूच नका.

लाल दिवा नसेल तर लॅनच्या पिना बघा. क्लिप तुटलेली पिन दिसायला बसलेली दिसते, पण पंख्याच्या हवेनं हलते. दोन लॅन पोर्टच्या पीसीत सफाईवाल्या मावशींनी वायर काढून उलट पोर्टात लावल्याचं मी तीनदा पाहिलंय. तेव्हापासून प्रत्येक पोर्टावर 'बाहेर' आणि 'आत' अशी पट्टी चिकटवतो.

ॲडॉप्टरचं मात्र नीट ऐका. जुना झालेला १२ व्होल्टचा ॲडॉप्टर मल्टिमीटरवर मोकळा धरला की १२ दाखवतो. पीसीला जोडला, पीसी कामाला लागला की तो खाली बसतो. मग मशीन मध्येच रिस्टार्ट होतं, नाहीतर लॅन पोर्ट गळपटतो. म्हणून मोकळ्या मापावर विसंबू नका, दुसरा तसाच ॲडॉप्टर लावून दिवसभर बघा. पायवर हे तपासणं सोपं आहे. व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की 'अंडर-व्होल्टेज' अशी ओळ कर्नलच्या लॉगमध्ये पडते. मोबाइलचा चार्जर पायला लावणाऱ्यांनी तो लॉग एकदा वाचावाच.

फाउंड्रीत अजून एक भानगड. एका ठिकाणी रोज दुपारी व्हीपीएन लटकायचं. झाकण उघडलं तर पंख्याच्या पात्यांवर मोल्डिंगची काळी वाळू, तेलकट, मऊ, बोटानं खरवडली तर पापुद्रा निघेल अशी. पंखा फिरत होता, पण हवा ढकलत नव्हता. मशीन तापून स्वतःचा वेग कमी करत होतं. साफ करताना पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतानं पंखा भलत्या वेगानं फिरून बेअरिंग जातं. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी असतं.

घड्याळ: तासाभरात आपोआप बरं होणारं दुखणं

एका गिऱ्हाइकाचं ऑफिस शिरोलीत आणि गोडाऊन कागलला. गोडाऊनमध्ये पाय, ऑफिसात पीसी, दोघांमध्ये कायमचं टनेल. पावसाळा लागला की कागलची लाइट जायची, यायची, आणि टनेल बंद. गोडाऊनवाले ऑफिसला फोन करायचे, ऑफिसवाले ऑफिसचा राउटर रिस्टार्ट करायचे, टनेल लगेच चालू. त्यामुळे ऑफिसचाच राउटर बिघडलाय, असं सगळ्यांचं ठरलेलं. मालक नवा पीसी घ्यायला तयारही झाले होते. पण एकदा रविवारी ऑफिसात कुणीच नव्हतं, तरी तासाभरानं टनेल आपोआप उभं राहिलं. तिथं मला शंका आली. ऑफिसचा राउटर खराब असता तर कुणी हात न लावता बरा कसा झाला?

पुढच्या वेळी ऑफिसच्या राउटरवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं साधन) लावून बसलो. दर पाच सेकंदांनी कागलहून १४८ बाइटचं पॅकेट येत होतं. वायरगार्डच्या हँडशेकचं, म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखायचं, पहिलं पॅकेट तेवढंच असतं. त्याला ९२ बाइटचं उत्तर जायला हवं. ते जात नव्हतं. म्हणजे दार वाजत होतं, आतला माणूस ऐकत होता आणि मुद्दाम गप्प बसला होता. चाव्या तपासल्या, बरोबर. शेवटी गाडी काढून कागलला गेलो, लॅपटॉप लॅननं पायला जोडला आणि 'डेट' मारलं. पायवर नऊ वाजून दहा मिनिटं. माझ्या मनगटावर दहा वाजून गेलेले.

कारण असं आहे. पाय ४ आणि त्याआधीच्या पायना स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नाही. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. त्यावरचा लिनक्स तासातून एकदा आणि नीट बंद होताना वेळ फाईलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू होताना तीच वाचतो. लाइट धाडकन गेली की शेवटची लिहिलेली वेळ हातात राहते, म्हणजे घड्याळ तासाभरापर्यंत मागे जाऊ शकतं. आता वायरगार्ड प्रत्येक हँडशेकवर वेळेचा शिक्का मारतं. पलीकडचा राउटर आधीचा सगळ्यात मोठा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुना शिक्का आला की पॅकेट फेकून देतो. कुणीतरी जुनं पॅकेट चोरून परत वाजवू नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. कागलचं घड्याळ चालत चालत जुन्या शिक्क्याच्या पुढं गेलं की टनेल उभं राहायचं. म्हणून तो 'आपोआप'चा तास. आणि ऑफिसचा राउटर रिस्टार्ट केला की त्याच्या डोक्यातला जुना शिक्काच पुसला जायचा, म्हणून 'लगेच'. आजारी कागल आणि औषध शिरोलीला, अशी गत होती.

मग इंटरनेटवरून वेळ का नाही घेतली? कारण वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधायला पायला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सोय) ऑफिसचा दिलेला होता, आणि ऑफिसला जायचं टनेलमधून. टनेल उभं राहायला वेळ हवी, वेळ मिळायला टनेल हवं. हा घोळ मीच घालून ठेवला होता, दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत नाही.

इलाज दोन, आणि मी दोन्ही करतो. पायला डीएस३२३१ घड्याळाचा छोटा तुकडा बॅटरीसकट लावायचा. आणि वेळेच्या सर्व्हरचा पत्ता नावाऐवजी आकड्यांत देऊन तो टनेलच्या बाहेरून जाईल असं बघायचं. पीसीवर हाच त्रास दिसला तर बोर्डावरची सीआर२०३२ नाण्यासारखी बॅटरी बदला. ती ३ व्होल्टची असते आणि किरकोळ पैशांत मिळते.

लक्षात ठेवायचं ते इतकंच की घड्याळ हँडशेक सुरू करणाऱ्याचं बघायचं. उत्तर देणाऱ्याचं चुकलेलं असलं तरी हँडशेक अडत नाही.

पत्ता बदलला का

स्थिर आयपी घेतलेला नसेल तर लाइट जाऊन आल्यावर नेट देणारा नवा आयपी देऊ शकतो. त्यासाठी आपण डायनॅमिक डीएनएसचं, म्हणजे बदललेल्या पत्त्यामागं जाणारं, नाव वापरतो. पण वायरगार्ड ते नाव टनेल सुरू होतानाच एकदा शोधतं, नंतर परत विचारत नाही. त्यामुळे नाव नव्या पत्त्यावर गेलेलं असतं आणि लॅपटॉप मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारत राहतो. आपल्या बाजूनं टनेल बंद-चालू केलं की लागतं, हीच याची खूण. कायमच्या जोडणीला दर दोन-चार मिनिटांनी नाव परत तपासणारी छोटी स्क्रिप्ट लावा. वायरगार्डच्या साधनांबरोबर अशी एक तयार येते, ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या लिनक्समध्येही तसाच वॉचडॉग आहे.

आता राउटरच्या बाहेरच्या पोर्टावरचा आयपी बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर नेट देणाऱ्यानं तुम्हाला बऱ्याच गिऱ्हाइकांबरोबर एकाच सार्वजनिक पत्त्यामागं बसवलंय. २०१२ पासून हा पट्टा त्याच कामाला राखून ठेवलाय. बाहेरून कुणी हाक मारली तरी ती तुमच्या दारापर्यंत येणार नाही, मग तुम्ही फायरवॉलमध्ये काहीही लिहा. इथं थांबा. स्थिर आयपी मागा, नाहीतर बाहेर एक भाड्याचा सर्व्हर घेऊन दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे टनेल न्या. पत्ता १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल तर फायबरचा डबाच राउटर बनून बसलाय. तो ब्रिजवर टाका (म्हणजे तो नुसतं नेट पुढं देईल), नाहीतर त्यातून वायरगार्डचं पोर्ट यूडीपी ५१८२० आत सोडा.

पोर्ट उघडं आहे का ते सांगणाऱ्या साइटी इथं कामाच्या नाहीत. अनोळखी पॅकेटला वायरगार्ड उत्तरच देत नाही. त्यांना ते नेहमी बंदच दिसणार.

एकाच गावात दोन राजारामपुऱ्या

ऑफिसचं जाळं १९२.१६८.१ आणि घरच्या राउटरचंही १९२.१६८.१. लॅपटॉपला १९२.१६८.१.१० म्हटलं की तो घरातच शोधतो, कधीकधी टीव्हीला जाऊन धडकतो. 'एक ठिकाण सोडून सगळीकडून चालतं' याचं उत्तर बहुधा हेच. घराघरातले राउटर तुम्ही बदलू शकत नाही, ऑफिसचा पट्टा बदला, १०.५७.२३ असा कुणालाही सुचणार नाही असा. छपाई यंत्र, हजेरीचं मशीन, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर यांना हातानं दिलेले पत्ते असतात, त्यांची यादी आधी करा. हे काम सुट्टीच्या दिवशीच.

आणि एकाच चावीवर दोन माणसं. मालकांनी आपली फाईल पोराच्या लॅपटॉपवर कॉपी केली. वायरगार्डच्या दृष्टीनं चावी म्हणजे माणूस. शेवटचं पॅकेट जिथून आलं तिथं तो उत्तर देतो. मग बापलेक आलटून पालटून तुटत राहतात. प्रत्येक यंत्राला वेगळी चावी, यात सवलत नाही.

हँडशेक होतो, पण आत जात नाही

'डब्ल्यूजी शो' मध्ये शेवटचा हँडशेक दोन-तीन मिनिटांच्या आतला दिसत असेल आणि वापर चालू असेल, तर टनेल ठीक आहे. आता मी या क्रमानं बघतो.

आतल्या पीसीला गेटवे (बाहेर जायचं दार, म्हणजे राउटरचा पत्ता) दिलाय का? हातानं पत्ता देताना लोक ती जागा मोकळी सोडतात. ऑफिसात सगळं चालतं, बाहेरच्याला उत्तर देता येत नाही. मग विंडोजची फायरवॉल. फाईल शेअरिंगला ती मुळात स्वतःच्याच जाळ्यातल्यांना आत घेते, टनेलचा पट्टा तिला परका. त्या पट्ट्यापुरतीच परवानगी द्या, अख्खी फायरवॉल बंद करू नका. त्यानंतर राउटरवर आयपी फॉरवर्ड (एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला पुढं द्यायचा खटका) एकवर आहे का ते बघा. हातानं एक केलेलं असतं, फाईलमध्ये लिहिलेलं नसतं, आणि लाइट गेली की परत शून्य. एनएफटेबल्सच्या नियमांचीही तीच कथा. चालू असलेले नियम आणि फाईलमधले नियम दोन्ही काढून शेजारी ठेवा. कुणी त्याच पेटीवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) टाकलं असेल तर फॉरवर्डची साखळी त्यानं आपल्या मर्जीनं बंद केलेली असते. राउटरवर डॉकर टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

लांबून फायरवॉलला हात लावणार असाल तर आधी पाच मिनिटांनी जुने नियम परत चढवणारी कमांड मागं चालू करून ठेवा. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर पाच मिनिटं चहा प्यायचा. नाहीतर भर पावसात शिरोली गाठायची.

पिंग जातो, रिमोट डेस्कटॉप काळा

हा एमटीयूचा, म्हणजे वाटेतून एका वेळी किती मोठं पॅकेट जातं त्याचा, खेळ. साधी वाट १५०० बाइटची. वायरगार्ड स्वतःच्या वेष्टनाला ६० ते ८० बाइट घेतं, म्हणून टनेलला १४२० ठरलेलं आहे. फायबरवर पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन नेट लागायची पद्धत) असेल तर वाट १४९२ ची होते, आणि आयपीव्ही६ वरून टनेल जात असेल तर १४१२ च्या वर जाता येत नाही. मोबाइलच्या नेटवर वाट आणखी अरुंद असू शकते. पिंगला 'तुकडे करू नको' हा पर्याय लावून १३९२ बाइट टाका आणि जाईपर्यंत कमी करत या. मला घाई असली की मी लॅपटॉपच्या फाईलमध्ये सरळ १२८० टाकतो. रिमोट डेस्कटॉप उघडला तर रोग सापडला, मग सावकाश वर चढायचं. कायमचा उपाय म्हणून राउटरवर टीसीपीचा एमएसएस (एका पॅकेटातल्या डेटाचं कमाल माप) वाटेच्या मापाला बांधणारा नियम लिहा.

इथं हात काढून घ्या

वीज पडल्यावर लॅन पोर्ट मेला असेल, पेटीला हात लावला की झिणझिण्या येत असतील, किंवा जळका वास येत असेल तर मेन बंद करा आणि आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, नेटवर्कवाला नंतर. अर्थिंग नसलेल्या जागी नवा राउटर म्हणजे पुढच्या पावसाळ्याची बेगमी. पुराचं पाणी शिरलेली पेटी वाळवून लावून बघायची नाही.

पायचं कार्ड 'फक्त वाचता येईल' अशा अवस्थेत गेलं असेल तर त्यावर आणखी लिहायचा प्रयत्न करू नका. कार्ड मरायला टेकलंय. त्याची नक्कल काढता येणाऱ्याकडे द्या.

'डब्ल्यूजी शो' मध्ये ओळखीचा नसलेला पीअर (जोडलेलं यंत्र) दिसला, किंवा तुम्ही न बनवलेलं लॉगिन दिसलं, तर बाहेरची वायर उपटा, पेटी चालूच ठेवा, काहीही पुसू नका आणि सुरक्षेचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी असा प्रकार कळल्यापासून ६ तासांत कळवायचा असतो, त्यामुळे 'उद्या बघू' चालत नाही.

आणि वरचं सगळं करून दोन तास गेले असतील तरीही फोन करा. करताना चार गोष्टी हाताशी ठेवा: 'डब्ल्यूजी शो' चा फोटो, दोन्ही बाजूंच्या 'डेट' चा फोटो, बाहेरच्या पोर्टावरचा आयपी, आणि बंद पडायच्या आधी लाइट गेली होती का. 'डब्ल्यूजी शो' खासगी चावी लपवूनच दाखवतं, तो फोटो पाठवायला हरकत नाही. कॉन्फ फाईल मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका, तिच्यात ती उघडी लिहिलेली असते. टाकून झाली असेल तर तेही सांगा, चाव्या बदलायला अर्धा तास लागतो.